खडपावर सुरमई लागत नाही

माझ्या बहिणीचा नवरा उल्बियो समुद्रावरून परतला की आधी होडीचं इंजिन सोडवायचा, खांद्यावर घालून घरी आणायचा आणि पलंगाशेजारी उभं करायचा. खोलीभर पेट्रोलचा वास. एलोइसा वैतागून म्हणायची, "तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय रे? माझ्याशी की ह्याच्याशी?"

"तुला कोणी चोरून नेणार नाही," तो म्हणायचा.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. किनाऱ्यावर कोणीही दिसलं की हातात मासा कोंबणारा. मग एका सकाळी खोल समुद्रात एक होडी 'प्यायला पाणी द्या' म्हणत जवळ आली. उल्बियोने कॅन पुढे केला, तर समोरून बंदूक आली. त्यांनी इंजिन काढून नेलं, वर दस्त्याने त्याचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या बोटीने त्याला ओढत आमच्या गावाला, पुंता ब्रावाला आणलं. दातांचं त्याला काही वाटलं नाही. पण तोंडाला फडकं बांधलेल्या त्या चोरांपैकी एकजण म्हणाला होता, "उल्बियो, हात वर." नावाने हाक मारली होती!

तेव्हापासून त्याला जो तो चोर दिसू लागला. जोडीदार खलाशाला त्याने काढून टाकलं आणि एकटाच जाऊ लागला. पाद्रीबाबांनी सहज विचारलं, "इंजिन नवीन घेतलंस वाटतं?" तर कितीतरी रविवार हा चर्चकडे फिरकला नाही.

अशात पेद्रो संताच्या जत्रेला नेलो आणि त्याची बायको गार्देनिया आली, दक्षिणेकडच्या बंदरातून, बसने, एक कोंबडी आणि शेंगदाण्याची पिशवी घेऊन. नेलो आणि उल्बियो तरुणपणी एकाच होडीवर होते. उल्बियोच्या मुलीला बाप्तिस्म्याला नेलोनेच हातावर धरलं होतं, म्हणून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. पण इतक्या वर्षांत येणं-जाणं नव्हतं.

एलोइसाने शेंगदाण्याच्या रश्शात कच्ची केळी आणि मासा शिजवला. नेलो जेवता जेवता विचारत होता. इंजिन किती पेट्रोल पितं? एकटाच जातोस? कुठल्या बाजूला? निघतोस कधी?

उल्बियो चुलीपाशी आमच्याकडे आला. "हा एवढ्या चौकशा का करतोय?"

"कोंपाद्रे आहे तुझा. चौकशी नाही करणार?" मी म्हटलं.

"तब्येतीची करावी. इंजिनाची कशाला? आणि मघाशी फोनवर बोलत होता. मला बघितलं नि कट केला."

खरं सांगायचं तर फोनचं ऐकल्यावर माझ्याही मनात पाल चुकचुकली.

उल्बियो परत पाटावर बसला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "उद्या मी दक्षिणेच्या खडपावर जाणार. हेकरू मासे लागतात तिथल्या खडकांत." आणि पहाटे उठून गेला थेट उत्तरेला. खडपावर त्या दिवशी अनोळखी होडी फिरताना कोणाला दिसली, की नेलोचं पितळ उघडं पडणार, असा त्याचा हिशेब.

दुपारी वारा उठला. सगळ्या होड्या घाईने किनाऱ्याला लागल्या. खडपाकडून आलेल्यांना नेलोने विचारलं, तर म्हणाले, "उल्बियो? तिकडे कुठे होता तो?"

नेलोचा चेहरा पांढराफटक पडला. "एकटा आहे तो," एवढंच पुटपुटला आणि तेमिस्तोक्लेसची होडी, मालकाला न विचारता, पाण्यात ढकलून निघालासुद्धा. गार्देनिया गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याला हाका मारत राहिली.

थोड्या वेळाने उल्बियो आला. होडीत सुरमई, तोंडावर हसू. "काय, दिसली का कोणाची होडी?"

"तुला शोधायला गेलाय तो!" माझी बहीण किंचाळली. "खडपावर!"

त्याने मासेही उतरवले नाहीत. तसाच वळला.

पुढचं त्यानेच आम्हाला सांगितलं. नेलोच्या इंजिनात पाणी गेलं होतं. तो एका फळीने वल्हवत होडी खडपापासून दूर ठेवायची धडपड करत होता. हाका मारून घसा बसलेला. उल्बियोने दोर फेकला, ती होडी मागे बांधली आणि त्याला आपल्या होडीत घेतलं. नेलोने पायाशी बघितलं.

"खडपावर सुरमई लागत नाही, कोंपाद्रे."

उल्बियोला खोटं सुचेना. "मला तुझा संशय आला होता," तो म्हणाला.

"तुलाही?"

मग नेलोने सांगितलं. त्यांच्या बंदरात लागोपाठ तीन होड्या लुटल्या गेल्या, आणि तिन्ही वेळेला खलाशी म्हणून नेलोच होता. आता त्याला कोणी होडीवर घेत नव्हतं. फोनवरही तो कामच मागत होता, तिथूनही नकार आला. जिथे आपल्याबद्दल कोणी काही ऐकलं नसेल तिथे जावं, म्हणून तो इकडे आला होता. पण जत्रेत पाहुणा म्हणून येऊन काम कसं मागायचं?

किनाऱ्यावर तेमिस्तोक्लेस कमरेवर हात ठेवून तयारच होता. "चोराला पकडून आणलंस ते बरं झालं!"

"मीच सांगून गेलो होतो, गरज पडली तर तुझी होडी घे म्हणून," उल्बियो म्हणाला.

"होडी माझी, आणि परवानगी तू देणार होय रे?"

तेमिस्तोक्लेस सगळी सुरमई उचलून घेऊन गेला, तेव्हा कुठे त्याचं तोंड थांबलं.

नेलो-गार्देनिया परत गेलीच नाहीत. चर्चमागे त्यांनी बांबूचं घर बांधलं आणि नेलो उल्बियोच्या होडीवर जाऊ लागला. माणूस कामाला वाघ. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि गेल्या वर्षी आमच्या गावच्या दोन होड्या पुन्हा समुद्रात लुटल्या गेल्या. दक्षिणेच्या गोष्टी एव्हाना इथवर पोचल्याच होत्या. चार-पाचजण उल्बियोच्या अंगणात आले. "तुझा माणूस त्या दिवशी कुठे होता?"

नेलो तिथेच जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"माझ्याबरोबर होता," उल्बियो म्हणाला.

ते खरंही होतं. पण एलोइसा मला म्हणाली, उत्तर देण्याआधी तो थोडा थांबला होता, आठवून बघितल्यासारखा. तेवढ्यात नेलोची सुई थांबली होती. मग पुन्हा चालू लागली.