फटफटीचं दावं

"येताना गाडी घेऊन या, नाहीतर तिकडं खोली बघून या. मधलं काही सांगत येऊ नका," असं बजावून सुमननं घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि ती दवाखान्यात दोन दिवसांच्या सलग ड्यूटीवर गेली. दोन किल्ल्यांपैकी एक कधीच हरवली होती, त्यामुळे ही एकच.

तिचं बरोबर होतं. लग्नानंतर चार वर्षं तिची नोकरी नगरला आणि माझी अकोले तालुक्यातल्या एका कचेरीत. शनिवारी रात्री यायचं, सोमवारी पहाटे पळायचं. ती मला 'रविवारचा नवरा' म्हणायची, आणि ते थट्टेत नसायचं. कशीबशी नगरला बदली मिळाली, सहा महिने एका छपराखाली राहिलो, तोवर साहेबांनी माझी रवानगी नेवासा फाट्याला केली. येत्या सोमवारी रुजू व्हायचं, आणि मग हायवेनं रोज साठ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. सकाळच्या एसट्या भरून येतात आणि हात केला की जास्तच जोरात जातात.

एका सहकाऱ्याची नवी, हलकी मोटारसायकल चालवून पाहिली होती. शेजारून ट्रक गेला आणि मी गाडीसकट बाभळीत. तेव्हाच ठरवलं, घ्यायची तर जुन्या घडणीची, वजनदार घ्यायची. गोल दिवा, पोट सुटलेली टाकी, धप्-धप् आवाज. खरं सांगायचं तर बाभळीत पडायच्या आधीपासूनच तशीच हवी होती.

सोबतीला मामा. माझे मामा म्हणजे घोडेगावच्या बाजारातले नावाजलेले हेडी (गुरांचे दलाल). त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण आई म्हणाली, "खरेदीला दादाला ने." झालं, विषय संपला.

गुरुवारी आम्ही पुणतांब्याला उतरलो. गोदावरीच्या काठाजवळच्या एका मळ्यात विकायची गाडी होती. काय गाडी, अहाहा! जपून ठेवलेली, चकचकीत. काट्यावर चाळीस हजार किलोमीटर दिसत होते.

"लांबलांब फिरवलेली दिसते," मी म्हणालो.

"फिरीवली? न्हाई बा," शेतकरी म्हणाला. "हितंच हुती ती. मागलं चाक उचलून पट्टा लावला, त्याच्यावर गहू उफणायचा पंखा. सात वर्सं झाली, जागची हलली न्हाई."

मी थक्क होऊन त्या चाळीस हजारांकडे बघत राहिलो. मामांनी मात्र मान डोलावली. "घाण्याचा बैल हाय. सरळ रस्त्याला लावला की गांगरंल. चल." शेतकऱ्यानं गूळ-शेंगदाणे दिले, ते खात आम्ही बस पकडली आणि रात्री मामांकडे मुक्काम केला.

शुक्रवार बाजाराचा दिवस. घोडेगावात शिरलो तेव्हा म्हशींचा नुसता समुद्र. धूळ, शेणाचा वास, कढईतली गरम भजी. मी दोन प्लेट भजी खाल्ली, तिसरी एका रेडकानं खाल्ली. आणि म्हशींच्या रांगेत, दोन खुंट्यांच्या मधे, माझी गाडी उभी! काळी, गोल दिव्याची, टाकी पोटुशी. हँडलला घुंगरू. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक आजोबा तिच्यावरच्या माश्या हाकलत होते.

"बाबा, गाडी गुरांच्या बाजारात?"

"मग कुठं न्यायची? हितं पारखी मान्सं असत्यात. पोरानं नवी हलकी आनली, हिला गोठ्यात जागा न्हाई ऱ्हायली," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी उगाच टाकी पुसली.

मामा कामाला लागले. आधी लांबून बघितलं. मग टाकीवर थाप मारली. "चालवून दाखवा." आजोबांनी गाडी ढकलत नेली, मामा मागून वाकून चाकं बघत होते. "चाल सरळ हाय. आता वझं घाला." मागच्या सीटवर मामा आणि दोन म्हैसवाले बसले. आजोबांनी गाडी चढावर नेऊन आणली. मी कपाळाला हात लावला.

"आता मेन गोष्ट," मामा म्हणाले. "बुजती का?"

"मामा, ती मोटारसायकल आहे!"

"गप ऱ्हा. हायवेला कोन जानार हाय? तू का मी?"

त्यांनी गाडी हायवेच्या कडेला नेली, मला वर बसवलं आणि हात करून ट्रकवाल्यांना हॉर्न वाजवायला सांगितलं. एकामागून एक तीन ट्रक अंगावर कोकलत गेले. मी तिन्ही वेळा बुजलो. गाडी तसूभर हलली नाही. मामा खूश. "जनावर लई गुनी हाय. बसनारा बावळट हाय, पर त्ये चालंल."

मग टॉवेलाखाली दोघांचे हात गेले आणि बोटांनी सौदा सुरू झाला. मामा कधी डोळे मिटत, कधी आजोबा "न्हाई, न्हाई" म्हणत. पाच मिनिटांनी हात बाहेर आले आणि टाकीवर गुलाल पडला. मामांनी माझ्या खिशातलं पाकीट घेतलं, हलकं करून परत दिलं. किंमत मला आजतागायत माहीत नाही. आजोबांनी कागद दिले. मी हात पुढे केला, "किल्ली?"

"किल्ली कशी दिऊ?" आजोबांनी किल्ली मुठीत दाबली. "दावं हाय त्ये."

दावं म्हणजे जनावर बांधायचा दोर. जनावर विकलं तरी विकणारा आपलं दावं देत नाही, दिलं तर गोठ्याची बरकत जाते, हे मलाही ठाऊक होतं. पण हे? मी मामांकडे बघितलं.

"बरोबर हाय त्यांचं," मामा म्हणाले. "दावं कुनी देतं व्हय? घेनाऱ्यानं आपलं आनायचं."

"अहो, हा बैल नाही!"

"बाजार कुनाचा हाय?"

मी भडकलो, ओरडलो. सोमवारी रुजू व्हायचं आहे, नाहीतर पुन्हा रविवारचा नवरा, असं भर बाजारात सांगून बसलो. आजोबांचे डोळे भरले, पण मूठ उघडली नाही. मग मात्र अख्खा बाजार मदतीला धावला. सायकलची किल्ली, ट्रंकेची किल्ली, खिळा, मामांच्या चुन्याच्या डबीचं झाकण, सगळं त्या भोकात जाऊन आलं.

"तुमची लावून बघा की सायब," एक म्हैसवाला म्हणाला. माझ्याकडे होती फक्त घराची किल्ली. घातली. फिरली! आजोबांनीच किक मारली आणि म्हशी चौफेर उधळल्या.

मामांना मागे बसवून संध्याकाळी नगरला, सावेडीतल्या घरी पोचलो. सुमन बंद दाराच्या पायरीवर बसलेली. मी गाडी बंद केलीच नाही. न जाणो, पुन्हा किल्ली फिरली नाही तर?

"सूनबाई, चाकावर पानी घाल, भाकरतुकडा ववाळून टाक," मामा आवाजावर आवाज चढवून ओरडले.

"पाणी घरात आहे. दार उघडा ना!"

"किल्ली गाडीत आहे," मी ओरडलो. "काढली तर बंद पडेल!"

तिनं आधी गुलालानं माखलेल्या टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पडू द्या की बंद. घरी आलात ना?"

मी किल्ली काढली. गल्ली एकदम शांत झाली. त्याच किल्लीनं दार उघडलं. मला भरून आलं, आणि ते मी धुळीवर ढकललं.

सोमवारी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. सुमननं स्वतःसाठी दुसरी किल्ली करून घेतली. ती गाडीला लागत नाही, फक्त दाराला लागते. गाडीला स्वतःचं कुलूप बसवून घ्या, असं मेकॅनिक दर वेळी सांगतो. सुमन बसवू देत नाही.

आता मला आजोबांची मूठ कळते. उद्या गाडी विकली तर कागद देईन, हँडलचं घुंगरूही देईन. किल्ली देणार नाही. रात्री घरात शिरायचं कसं?