गाठ पोसायची भीती

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या एका कचेरीत नोकरी लागली. आईवडील रेणापूरजवळच्या आमच्या गावीच राहिले. वडील गवंडी. त्या वर्षी पाऊस फिरकला नाही, आणि त्याच वर्षी वडिलांच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ निघाली.

घास अडकायचा, पण पातळ उतरत होतं. चुलत्यांनी मायला बजावलं, "वैनी, दादाला चांगलंचुंगलं घालू नगा. गाठच पोसंल. पेजेवर ठिवा, आपोआप वाळंल ती."

मायला ते पटलं. घरच्या कोंबड्यांची अंडी शेजारी जायची आणि वडिलांपुढं तांदळाची निवळ पेज यायची.

ते रोडावले होते. पण दुष्काळात अख्खं गावच वाळलेलं, वेगळं काय दिसणार? मग त्यांचे पाय भरले. "अंग धरायलंय," माय खुशीनं म्हणाली.

गाठीवरचे विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करायच्या आधी मी त्यांना लातूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. मग अंगठ्याखालचा तळवा चाचपला. गवंडीकामात थापी धरून घट्ट झालेला तो उंचवटा पार बसला होता.

"हात न टेकता उठा बघू."

वडिलांनी दोनदा जोर केला. उठता आलं नाही. ते खाली मान घालून बसले.

"ही सूज आहे," बाई म्हणाल्या. "आत मांस झडलंय. काय खातात?"

मायनं पेजेचं आणि गाठीचं सांगितलं.

"गाठ तुमच्या ताटाची वाट बघत नाही, आई. अन्न नाही मिळालं तर ती अंगातलं ओढते. उपाशी अंगाला शेक झेपायचे नाहीत."

शेक पुढं ढकलले. बाईंनी थोडं थोडं, पण सारखं द्यायला सांगितलं. एकदम भरायचं नाही, हळूहळू वाढवायचं. माय शेळीच्या दुधात शेंगदाण्याची पूड घोटायची, पातळ वरणात अंडं फेटायची आणि तेल सोडायची. पायांत ताकद यावी म्हणून बाजेची कड धरून वडील उठबस करायचे.

आधी सूज उतरली आणि खाली नुसता सापळा दिसला. माय हादरली. "खाऊ घातलं आन् आणखीच खंगले की!" ती रडायला लागली. बाईंनी समजावलं तरी कितीतरी दिवस भांडं त्यांच्या तोंडाला लावायच्या आधी ती त्यांची नडगी चाचपून बघायची.

हळूहळू ते हात न टेकता उठू लागले. शेक सुरू झाले आणि पूर्णही झाले. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण थापी त्यांना पुन्हा धरता आली नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

मायनं चुलत्यांना कधी बोल लावला नाही. मला मात्र विचारायची, "आधीपासनंच घातलं असतं तर?"

मी ते बाईंनाही विचारलं होतं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हे मी मायला कधी सांगितलं नाही.