बुऱ्हाणपूर: दोन दिवस, दोन पोती आणि वंदी

जळगावच्या ज्या कार्यशाळेत माझी धाकटी बहीण वंदना रोज सकाळी जाते, तिथलं कापड संपत आलं होतं. ही कार्यशाळा बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ माणसांसाठी आहे. तिथे अकराजण कापडाच्या तुकड्यांची पायपुसणी शिवतात. तुकडे फुकट देणाऱ्या दुकानदाराने दुकान बंद केलं आणि उरलेला साठा जेमतेम पंधरा दिवसांचा निघाला. शिवण बंद पडलं तर अकराजण घरी बसणार, आणि वंदी घरी बसली की काय होतं ते आम्ही दर रविवारी पाहतोच.

पालकसभेत मी हात वर केला. "बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव आहे, माझा मामेभाऊ तिथे असतो, मी मागून आणते." टाळ्या पडल्या. यात तिथल्या प्रसिद्ध मावा जिलबीचा वाटा किती होता, ते मी सांगितलं नाही. वंदीला सोबत नेण्याचं खरं कारणही सांगितलं नाही. तिला पाहून एखाद्या पॉवरलूमवाल्या शेठजींचं मन विरघळेल, असा माझा हिशेब होता. आता लिहितानाही लाज वाटते, पण होता.

शुक्रवारी सकाळी जनरलच्या डब्यातून निघालो. तिकीट शंभराच्या आत, जागा मात्र नशिबाने. भुसावळनंतर वंदीला खिडकी मिळाली. शेजारच्या आजींच्या शालीची कड तिने चिमटीत धरून हलकेच ओढली.

"काय गं?"

"पक्की आहे," वंदी म्हणाली. आजी खूश.

कार्यशाळेत तिचं कामच हे. कड ओढायची, धागा सुटला तर तुकडा डावीकडे, नाही सुटला तर उजवीकडे.

बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावापासून लांब, लालबागला आहे. तिथून गावातल्या शनवारा भागापर्यंत शेअर रिक्षाने माणशी वीस रुपये. घासाघीस करू नका. मी केली आणि वंदीकडून बोलणी खाल्ली. माझा मामेभाऊ गिरीशदादा दारातच उभा होता आणि सुनंदावहिनी आतून ओरडत होत्या, "ताई, हात धुऊन घ्या, मी पोहे करून राहिली! शेठजी कुठे भागून नाही जात!"

पोह्यांवर जिलबी, त्यावर दराबा. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप फेटून फेटून हलकं केलेलं एक गोड प्रकरण. दोन चमचे पुरतात. आम्ही चार-चार खाल्ले.

दुपारी दादा आम्हाला त्याच्या ओळखीच्या शेठजींच्या गोदामात घेऊन गेला. मी फाइल उघडली. पत्र, फोटो आणि पाठ केलेलं भाषण. "शेठजी, या मुलांचं आयुष्य..."

"मी मुलगी नाही," वंदी म्हणाली. "अडतीस."

शेठजी हसले. मुनीमजींना खूण केली आणि दोन फुगलेली पोती आली. "ले जाओ बहनजी. पूरी कतरन तुमची." मी हात जोडले. फोटो काढण्यासाठी मोबाइल शोधते आहे, तोवर वंदीने एक पोतं सोडलं, जमिनीवर बैठक मारली आणि काम सुरू केलं. डावा ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत आला. उजवीकडे पाच तुकडे.

"हे नको. धागा सुटतो. हे पण नको. याला मशीनचं तेल आहे."

"वंदे, गप!"

"ताई, पायपुसणं दोन दिवसांत उसवतं. लोक परत आणतात."

शेठजींचं हसू गेलं. "मुफ्त का माल है, आणि छाँटून राहिले?"

दादा पंखा बघू लागला. मी घाईघाईने म्हणाले, "माफ करा हो, तिला समजत नाही."

शेठजी उठले. "कल देखते हैं."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आमच्याकडे 'कल देखते हैं' म्हणजे समजून जायचं."

संध्याकाळी राजघाटावर गेलो. तापीचं पाणी संथ होतं, मागे किल्ल्याची भिंत, पायऱ्यांवर बसायला निवांत जागा. पाव किलो मावा जिलबी घेतली होती. काळपट, जाड, एका जिलबीत पोट भरतं. कधी येणार असाल तर गरमच खा. मी मात्र चवीकडे लक्ष न देता मनात सभेतल्या टाळ्या परत करत होते. पंधरा दिवस, अकराजण.

"ताई, धागा सुटत होता ना?" वंदीने विचारलं.

"हो."

"मग तू सॉरी का म्हणालीस?"

उत्तर म्हणून मी तिला माझी जिलबी दिली. तिने ती घेतली, पण ते उत्तर नव्हतं हे आम्हा दोघींना कळलं. ज्या घाणीला हात लावायची मला किळस आली असती, ती मी हात जोडून घ्यायला निघाले होते. कारण ती "त्यांच्यासाठी" होती. आणि वर, समजत नाही ते तिला!

शनिवारी गाडी दुपारची होती, म्हणून सकाळीच दादाच्या स्कूटरवर, तिघं दाटीवाटीने (दादा शिक्षक आहे, हे कृपया कुणाला सांगू नका), असीरगडला गेलो. गाडीरस्ता बराच वर जातो, पण शेवटचा चढ दम काढतो. पाणी खालूनच घ्या. वरून सातपुडा निळसर दिसत होता आणि वंदी मोठमोठ्याने माकडं मोजत होती, तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मुनीमजी होते. "या म्हणताहेत. आणि ती छाँटणारी ताई पाहिजेच म्हणे."

गोदामात शेठजी डाव्या ढिगापुढे बसले होते. एक तुकडा उचलून त्यांनी कड ओढली. धागा हातभर आला.

"मुनीमजी, हे कोणी भरलं?"

"शेठजी, दान का बोरा अलग रहता है न. तुमीच सांगितलं होतं. बीस साल से असाच भरतो. कोणी उघडून नाही पाहिला."

शेठजींचे कान लाल झाले. मग ते वंदीसमोर उकिडवे बसले. "देखो बहन, अच्छा माल देतो. पण दोन पोती नाही, महिन्याला एकच. और शर्त ये, की तू खुद येऊन छाँटशील. नंतर शिकायत नको."

एका पोत्यात शिवण महिनाभर चालतं. पण दर महिन्याला एक शनिवार? माझं ऑफिस, आई, घर? मी ही भलाई एका सहलीत उरकायला आले होते.

"येईन," वंदी म्हणाली.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. आधी मी मनात कॅलेंडर चाळलं. मग म्हणाले, "येऊ."

निवडायला दोन तास लागले. मुनीमजी शेजारी बसून शिकाऊ उमेदवारासारखे एकेक तुकडा दाखवत होते आणि वंदी त्यांना दोनदा रागावली. परतीच्या डब्यात पोत्याला पाय लागला म्हणून एकाने विचारलं, "काय भरलंय?"

"चांगलं कापड," वंदी म्हणाली आणि पोत्यावरच बसून राहिली.

घरी आल्यावर मी फाइलमधलं ते भाषण फाडलं. फाडल्याने फार काही सुधारलं असं नाही. पुढच्या खेपेला कुणासमोर माझ्या तोंडून तेच 'तिला समजत नाही' निघणार नाही, याची खात्री मला अजून नाही.

सोमवारी पोतं पोचवायला कार्यशाळेत गेले. सगळे वंदीभोवती जमले होते. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही पण आली होती?"

"हो, ताईला घेऊन गेले होते," वंदी पोत्याची गाठ सोडत म्हणाली. "तिला कापडातलं काही कळत नाही. पण तिकीट काढते."