कानसेनांचा काटा

कानसेनांना बसून गाणं ऐकताना शेवटचं कधी पाहिलं, हे त्यांच्या बायकोलासुद्धा सांगता आलं नसतं. गाणं सुरू झालं की हे उठलेच. टेबलाच्या या टोकाला जा, त्या टोकाला जा, वायर हलव, करंट मोजायच्या मीटरच्या काचेवर टिचकी मार, चष्मा पुसून पुन्हा काट्याकडे बघ. गाणं स्पीकरमधून नाही, मीटरमधूनच येणार आहे अशी सगळी तऱ्हा. आणि खरं सांगायचं तर अलीकडे ते तसंच येत होतं.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलं. तरुणपणापासून हा माणूस लोकांच्या घरचे अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर, स्पीकर दुरुस्त करत आला. दाराशी चपला काढता काढता सांगायचा, "तुमचा डावा स्पीकर उलटा जोडलाय." आत जाऊन बघावं तर खरंच उलटा. स्वतः गाऊ लागला तर शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, पण कान मात्र असा तयार, की तानसेन नसला तरी हा कानसेन आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि ते कायमचं चिकटलं. त्यांनाही ते आवडायचं. आवडायचं कसलं, त्यांची मान त्या नावावरच ताठ उभी होती.

मीटर आला तो मात्र निव्वळ कामापोटी. वीज वरचेवर जायला लागली, तसे लोक आपले सेट बॅटरीवर चालवून मागू लागले. बॅटरी केवढी लागेल हे सेट किती करंट खातो त्यावर ठरतं, आणि सेटच्या पाठीवर छापलेल्या आकड्यावर कानसेनांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून ते स्वतः मोजायचे. करंट मोजायचा तर वायर मधोमध कापावी लागते आणि त्या तुटलेल्या जागी मीटर बसवावा लागतो, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच पुढे जातो. चांगल्या धडधाकट वायरी हा माणूस खुशाल कापत सुटलेला पाहून बायको म्हणायची, "उद्या मलाही मधोमध कापून मीटर लावाल."

त्यांचा मीटर काट्याचा होता. आकड्यांचे मीटर त्यांना आवडत नसत, कारण गाणं लागलं की आकडे पिसाळल्यासारखे बदलतात आणि एकही धड वाचता येत नाही. काटा समजूतदार. सेट नुसता चालू असला की शून्याच्या जरा पुढे पडून राहतो. गाणं सुरू झालं की उठतो, ड्रमच्या ठोक्याला दीड अँपिअरपर्यंत उडी मारतो, गाणारा श्वास घ्यायला थांबला की खाली येतो. हे पाहायची कानसेनांना गंमत वाटायची.

मग गेल्या उन्हाळ्यात कुकरची शिट्टी गेली. म्हणजे कुकर शिट्ट्या देत होता, पण भात करपल्याचा वास आला तेव्हा कानसेनांना कळलं. पाठोपाठ दाराची घंटा गेली, आणि बायकोच्या बोलण्यातले निम्मे शब्द गेले. कोणाला टक्कल पडतं, कोणाचे दात पडतात, आणि लोक ते चारचौघांत हसून सांगतात. कानसेनांनी कोणत्या तोंडानं सांगायचं? कानसेन बहिरा झाला, हे एकदा गल्लीत पसरलं असतं तर लोक पोट धरधरून हसले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणी साधा रेडिओसुद्धा आणला नसता. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की हा माणूस एका जागी बसू शकत नसे.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक सेटला मीटर लागायला लागला. बॅटरीचा संबंध असो नसो, वायर कापायची, काटा बघायचा आणि मान डोलवायची. "आधी करंट बघायला हवा," असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे आणि गिऱ्हाईक भारावून जायचं. दाराच्या घंटेला त्यांनी एक दिवा जोडला, "असला की बरं असतं" म्हणून. बायकोचं बोलणं कळलं नाही की तिलाच म्हणायचे, "तुझा आवाज बसलाय बघ, दिवसभर ओरडून." ती कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बसून पेशंटचे नंबर पुकारायची. घरी आल्यावर ती मुळातच हळू बोलायची, त्यामुळे ही थाप खपतेय असं त्यांना वाटत होतं.

आणि मग गाण्याच्या बाई आल्या. बाई मुलांना गाणं शिकवायच्या आणि त्यांचा शिकवणीचा सेट, माईकसकट, कानसेनांनीच गेल्या आठवड्यात बॅटरीवर करून दिला होता. तो त्या रिक्षात घालून परत घेऊन आल्या.

"कानसेन, हा घासतोय."

"काय घासतोय?"

"स्पीकर. खालच्या सुराला नुसती खरखर."

कानसेनांनी लगबगीनं सेट टेबलावर घेतला, मीटर जोडला, बाईंची कॅसेट लावली. काटा उठला, झुलला, दीडवर जाऊन परत आला. कुठेही अडखळला नाही.

"बाई, करंट अगदी नेमका आहे. हे बघा ना."

"करंट मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "मला खरखर ऐकू येते. तुम्हाला नाही येत?"

कानसेन त्यांच्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे काट्याकडे बघायचं राहिलं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि पूर्वी ज्या थाटात म्हणायचे त्याच थाटात म्हणाले, "हं. आता येतेय खरी. बारीक आहे, पण आहे."

डोळे उघडले तेव्हा बाईंचं बोट कॅसेटच्या बटणावर होतं. विचारता विचारताच त्यांनी गाणं बंद केलं होतं. काटा खाली पडून होता.

बाई काही बोलल्या असतील तर तोंड फिरवून बोलल्या. सेट तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

त्यानंतरची दुपार कानसेनांनी खोलीभर चालून काढली. बाई कोणाकोणाला सांगतील? गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याकडे शिकायला. पाणी प्यायला गेले आणि पाणी न पिताच परत आले. खिडकीपाशी उभे राहिले, तर खाली दोघं हसताना दिसले, आणि ते आपल्यालाच हसतायत असं वाटून मागे सरकले. शेवटी हाताला काम हवं म्हणून त्यांनी स्पीकर उघडला. त्याच्या कागदी पडद्यावर चार बोटं टेकवून तो हळूच आत दाबला, तर बोटांना खरखर जाणवली. आतली तारेची गुंडाळी लोखंडाला घासत होती. बाईंचं बरोबर होतं. काट्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण घासली तरी गुंडाळी करंट तेवढाच खात होती. त्यांनी ती नीट मध्यावर आणून बसवली, सगळं जोडलं, सेट चालू केला. काटा तस्साच झुलला, सकाळी झुलला होता तसा. खरखर गेली की नाही हे सांगायला कोणाचे तरी कान हवे होते, आणि मागायची सोय नव्हती.

बायको कामावरून आली तेव्हा ते टेबलाभोवती घिरट्याच घालत होते. तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "वाटेत गाण्याच्या बाई भेटल्या."

एवढं त्यांना तिच्या ओठांवरून कळलं. "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. स्पीकर झाला का, विचारत होत्या."

"झाला की. ऐक ना जरा, कसा वाटतो?" कॅसेट लावत ते जमेल तेवढं सहज म्हणाले.

"तुम्हाला कसा वाटतो?"

"मला? झकास."

तिनं गाणं बंद केलं. बाईंचा माईक उचलला, तोंडासमोर असा धरला की ओठ दिसेनात. काटा उठला. थरथरला, थोडा खाली आला, पुन्हा उठला आणि मग पडून राहिला. तिनं माईक खाली घेतला.

"ऐकू आलं?"

"आलं की! न यायला काय झालं?"

"मग सांगा, काय म्हटलं मी?"

कानसेनांनी काट्याकडे पाहिलं. ती बोलली होती हे काट्यानं सांगितलं होतं. बेताच्या आवाजात बोलली, मध्ये एकदा थांबली, हेही सांगितलं होतं. बाकी काही नाही.

"चहा घेता का, म्हणालीस."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते पाहून कानसेनांचे पाय पहिल्यांदाच एका जागी थांबले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"नाही आलं ऐकू," ते म्हणाले. "पुन्हा म्हण. माईक बाजूला ठेवून म्हण."

ती समोर स्टूल घेऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी म्हटलं, मला गेल्या उन्हाळ्यापासून माहीत आहे. रोज सकाळी डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावते, आणि तुम्ही आपणहून काही बोलत नाही, म्हणून रोज संध्याकाळी खोडून टाकते."

कानसेनांनी मीटरच्या वायरी काढून ठेवल्या.

"आजचा खोडलास?"

"हो. उद्याचा लावू?"

"लाव." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि माझा नंबर पुकारशील तेव्हा जरा हातही हलव."