आजारी मागांची शिकवणी

बिघडलेल्या मागाचा आवाज तोंडानं हुबेहूब काढणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला होता. मावसा तरुणपणी धुळ्याकडून इथं आले आणि कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे मास्तर झाले. शंभर माग धडधडत असले तरी दारातच थांबून नेमका कुठला कण्हतोय ते सांगायचे. ही खोड कारखान्यापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवातल्या पंख्याकडे कान लावून उभे होते. जेवणं झाल्यावर माझे सासरे घोरू लागले, तर व्याही मंडळींच्या देखत शांतपणे म्हणाले, "यास्नी बेरिंग गयी."

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी सुरतेच्या भेस्तान भागातल्या आपल्या घरावर स्वतः रंगवलेली पाटी लावली: 'येथे माग ऐकायला शिकवतात.' घरात माग नव्हता, ठेवायला जागाही नव्हती. मावसांना ती अडचण वाटलीच नाही. दर रविवारी ते खाटेवर मांडी घालायचे, डोळे मिटायचे आणि स्वतःच माग व्हायचे. खटाक्-खट्, खटाक्-खट्. मधेच घशातून घरघर आली की पट्टा सैल समजायचा. जिभेचा टक् आवाज किंचित उशिरा आला, तर धोट्याला फटका मारणारा पिकर झिजला. समोर सतरंजीवर बसलेल्या कामगारांनी दुखणं ओळखायचं. चुकला की मावसा विचारायचे, "कान भाडे देयेल शेतस का तुना?" एकदा समोरच्या गुजराती बेन धावत लिंबूपाणी घेऊन आल्या, काकांना उलट्या होताहेत असं समजून. मावशी म्हणायची, लोकांच्या घरी शिवणाचे क्लास चालतात, आमच्याकडे खोकल्याचा चालतो.

आम्ही हसायचो, पण मावसांच्या मनात भीती होती. जुने माग भंगारात निघत होते. नव्या यंत्रांवर बिघाड झाला की दिवा लागतो, कुणाला ऐकावं लागत नाही. नऊ शिष्यांचे चार झाले. एकदा सचिनच्या कारखान्यांच्या वसाहतीतून मी स्कूटरवर त्यांना घरी आणत होतो, तेव्हा मागून म्हणाले, "मना मांगे एक जन तरी ऐकनारा ऱ्हावाले पाहिजे." मी ते हसण्यावारी नेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते चौघे भेटायला आले, मीही होतो. मावसांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी डाव्या हातानं सतरंजीकडे बोट केलं. चौघे तिथं बसले. मावसांनी डोळे मिटले आणि वाकड्या ओठांतून एक ओला, फाटका आवाज सुरू झाला. परभणीकडचा एकजण हळूच म्हणाला, "पट्टा सैल झालाय." मावसांची मान नाही म्हणून हलली. दुसऱ्यानं पिकर सांगितला. नाही. मग धोटा झाला, बेअरिंग झालं, शिकवलेली सगळी दुखणी सांगून संपली. प्रत्येक वेळी मान हलायची आणि तोच आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मला वाटलं, आता थांबवायला हवं, त्यांचं तोंडच साथ देत नाही, तर कुणाला काय कळणार.

तेवढ्यात मावशी कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात आली. जरा वेळ तिथंच उभी राहून ऐकत राहिली.

"अरे, त्यामा काहीच बिघडेल नही शे," ती म्हणाली. "माग नीट चालस."

मावसांनी मान डोलावली. चाळीस वर्षं त्यांना बोलावणं आलं ते बिघडलेल्या मागाचंच. माग नीट चालू लागला की मास्तरांना तिथं कुणी उभं राहू देत नसे, आणि आम्हीही तो आवाज त्यांना कधी विचारला नव्हता. मावशी येऊन खाटेच्या कडेला बसली, मनगटानं तिनं त्यांची हनुवटी पुसली. ते दमून थांबेपर्यंत आम्ही सगळे नुसतं ऐकत बसलो.