मोठ्या चाकांची जीप
नव्या टायरचा वास आला की टोकावड्यापुढचा धुक्यातला घाटरस्ता आठवतो. माझे दिवस भरत आले होते. मला हादरे बसू नयेत म्हणून आमच्या ह्यांनी जीपला मोठी चाकं बसवली होती. खड्डे कळेनात, जमिनीवरून चाललोय असंच वाटेना, आणि पोटातलं बाळही हलायचं थांबलं. फक्त वळणावर पायाखाली कुणी नखं घासल्यासारखा आवाज येई. "पोटुशी बघून पाण्यातल्या आसरा लागल्यात गो," म्हणत मागे बसलेल्या सासूने माझ्यावरून लिंबू उतरून फेकलं. "चाक पत्र्याला घासतंय, आये," हे हसले. पुढच्या वळणावर चाक पुरतं वळलंच नाही, जीप सरळ दरीकडे निघाली आणि कठड्याला अडली. रात्र तिथेच काढली; सकाळी घरून मागवलेली जुनी चाकं लावून निघालो. पहिल्याच खड्ड्यात बाळाने लाथ मारली. गुळगुळीत रस्त्यावर माझा हात अजून पोटावर जातो.