हिरव्या ठिपक्याचे अकरा वाम

जयगडच्या खाडीकाठी वाम माशाची पिल्लं वाढवण्याचं काम सुरू झालं, तेव्हा तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले. रत्नागिरीहून रोज स्कूटरने जायचे. वाम म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत, हातात न ठरणारा मासा. खाडीत तो आता फारसा मिळत नाही, म्हणून टाकीत वाढवलेले वाम खाडीत सोडायचे आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहायचं, असा बेत होता. त्यासाठी आपला मासा ओळखता यायला हवा. लवंगेच्या तेलाने प्रत्येकाला गुंगी आणायची आणि हनुवटीखाली, कातडीच्या आत, बारीक सुईने रंगाचा ठिपका भरायचा. पहिल्या खेपेला नारिंगी रंग घेतला. त्यातले अर्धे मासे खाडीत सोडले, अर्धे तुलनेसाठी टाकीत ठेवले.

सोडलेले मासे परत आणून दाखवायचं काम एका म्हाताऱ्या काकांनी स्वीकारलं. ते बांबूचे सापळे लावून खाडीत मासे धरत. ठिपक्याचा वाम मिळाला तर जिवंत आणायचा, आम्ही मोजमाप घेऊन तो पुन्हा खाडीत सोडू, असं ठरलं. सुरुवातीला त्यांनाच आमची शंका आली. रंग कसला आहे, मासा खाऊन पोरंबाळं आजारी तर पडणार नाहीत ना, असं त्यांनी चार वेळा विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं काही वाटलं नाही.

पंधरा दिवसांत ते नारिंगी ठिपक्याचे इतके वाम घेऊन आले की मी चक्रावले. एवढ्या मोठ्या खाडीत सोडलेले मासे एकाच माणसाच्या सापळ्यांत कसे काय जातात? त्याच आठवड्यात टाकीतले मासे मोजले, तर नऊ कमी. टाक्या सांभाळणारा माणूस म्हणाला की पळाले असतील, वाम भिंत चढून जातो. ते खरंही होतं. पण तो त्या काकांचा सख्खा भाचा होता. मासे परत येत राहिले तरच हे काम चालू राहणार आणि भाच्याची नोकरी टिकणार. मी मनात सगळं जुळवून टाकलं.

त्यानंतर माझं लक्ष दुसरीकडे लागेना. काका आले की मामा-भाचे टाकीमागे उभे राहून हळू आवाजात बोलत. मी जवळ गेले की बोलणं थांबे. भाचा घरी निघताना त्याच्या पिशवीकडे माझी नजर जाई. एकदा ती ओली दिसली. मी टाकीवरच्या जाळीला दोन जागी दोरा बांधून ठेवला. दोरा तसाच राहिला. त्याने माझं समाधान झालं नाही. त्यांना दोरा दिसला असेल, असंच वाटलं.

दुसऱ्या खेपेला हिरवे ठिपके भरले. सोडण्याच्या दिवशी मी भाच्याला ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला मिरजोळ्याला पाठवलं. सिलिंडर लागणारच होता, पण त्याच दिवशी नव्हे. तो गेल्यावर सोडायचे तेवढेच मासे मी दिवसभर एका लाल रंगाच्या पाण्यात ठेवले. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. तो झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो आणि हा रंग त्या थरात बसतो. बाहेरून काही दिसत नाही. खडा काढून खास दिव्याखाली सूक्ष्मदर्शकातून पाहिला की लाल कडं चमकतं. कडं असेल तर मासा खाडीतला, नसेल तर टाकीतून उचललेला. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही.

महिन्याभरात काकांनी हिरव्या ठिपक्याचे अकरा वाम आणले. झाकणाच्या बादलीत, वर ओलं गोणपाट टाकून, सगळे जिवंत. दर वेळी ते म्हणत, “नीट सोड हां, बाय.” मी हो म्हणायचे.

कानातला खडा काढायचा तर मासा मारावा लागतो. मी अकराही मारले.

पहिल्या खड्यात कडं दिसलं. वाटलं, हा एखादा खरा असेल. दुसऱ्यातही दिसलं. मग मी भराभर बाकीचे पाहत गेले. अकराच्या अकरा खड्यांत ते लाल कडं होतं. संशय फिटला म्हणून बरं वाटायला हवं होतं. उलट हात धुताना मला त्या बादलीवरचं गोणपाट आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. ते पडवीत सापळ्याच्या काड्या बांधत होते. मी त्यांना विचारलं की एवढे वाम तुम्हालाच कसे मिळतात. माझ्याकडे पाहत त्यांनीच उलट विचारलं, “माझे अकरा सोडलंस खंय?”

मी खरं ते सांगितलं. संशय कोणावर होता, तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, “मला इचारलं असतंस तर मी जागा दाखवली नसती काय?”

तरीही ते उठले आणि मला खाडीच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध आहे. बांधातून पाणी बाहेर सोडायला लाकडी दारं बसवलेली आहेत. ती ओंडके आणि प्लास्टिक अडकून गच्च बसली होती. वामाची पिल्लं खाडीतून गोड्या पाण्याकडे चढू पाहतात. आमची पिल्लं त्या दारांपाशी येऊन थटली होती. काकांचे सापळे तिथेच होते. भाच्याशी ते टाकीमागे काय बोलायचे, तेही आता काकांकडून कळलं. मॅडमना दाराचं सांगू या, असं भाचा म्हणायचा. काका म्हणायचे, आधी हे लोक माशांचं काय करतात ते तर बघू.

दारं मोकळी करायला बांध सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीकडे अर्ज केला. बऱ्याच खेपा मारल्यावर माणसं आली. टाकीच्या सांडपाण्याच्या नळीत नंतर दोन वाळलेले वाम सापडले. बाकीचे सात कुठे गेले, ते मला माहीत नाही. भाच्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. काकांनी सांगितलं असेल, तर तो तसं दाखवत नाही. त्याच्याकडे पाहताना मी अंदाज घेत असते.

काका अजूनही मासे आणतात. फक्त बादली माझ्या हातात देत नाहीत. मी मोजमाप घेते तेव्हा शेजारी उभे राहतात, एकेक मासा मोजून परत बादलीत घेतात, आणि स्वतः पाण्यापर्यंत जाऊन सोडतात.